तळ्यात कोण उतरलं होतं

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, १४ जुलै २०२४

चि. सौ. निशिगंधास,

आक्काचा आशीर्वाद. तू, आण्णा, आई सगळे खुशाल असाल असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत, म्हणजे घरात अंथरूण धरलेलं कुणी नाही, एवढ्या अर्थानं बरे.

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हो आक्का, बरं आक्का’ म्हणतेस आणि मागं कुकरची शिट्टी झाली की ठेवून देतेस. मेसेज लिहायला घेतला तर लांबत जातो आणि मी पुसून टाकते. म्हणून शेवटी मापाच्या वहीतली पानं फाडून बसलेय. मागच्या बाजूला कुणाच्या तरी ब्लाउजची मापं दिसतील, तिकडं लक्ष देऊ नको.

पाऊस लागून आहे. दुकानात ओल आलीय, कापडाला वास यायला लागलाय. मुहूर्त संपले तरी काम संपत नाही, कारण लग्नानंतरचं शूट आता प्रत्येकीला हवं असतं. लग्नात घाम, गडबड, मागं ताटकळलेली माणसं, त्यात गाऊन कुणाला दिसतो? म्हणून महिन्याभरानं तोच गाऊन परत घालायचा आणि डोंगरावर, नाहीतर उसाच्या फडात जाऊन निवांत फोटो काढायचे. परवा एक पोरगी म्हणाली, मला गाऊन घालून ट्रॅक्टरवर बसायचंय, गाऊनची शेपूट मागं ट्रॉलीभर पसरायची. पूर्वी मी हसले असते. आता माप घेते आणि ‘पाण्यात नाही ना उतरणार?’ एवढं विचारते. त्या पोरी माझ्याकडं बघत राहतात.

तुझा गाऊन माझ्याकडंच आहे. ड्रायक्लीनवाल्यानं दोनदा धुतला. खालच्या नेटवर मातकट रेघ राहिलीय, ती जायची नाही म्हणाला. माळ्यावर ठेवलाय. तू माग म्हणजे देईन, टाकून दे म्हणालीस तर टाकीन.

अमर काल येऊन गेला. डेअरीच्या लॅबमध्ये सलग दोन पाळ्या करतोय. वारणानगरच्या त्या कॉलनीतल्या घरात एकटं जायला नको वाटत असणार. वाळलाय. मी ताट वाढलं तर म्हणाला, खाऊन आलोय. ‘निशाचा फोन आलता का?’ विचारलं. ‘आलता,’ म्हणाला. आलता की नाही ते तुलाच ठाऊक.

निशा, तुला माहेरी जाऊन तीन आठवडे झाले. चार दिवसांसाठी म्हणून गेलीस. मी भांडण काय झालं ते विचारत नाही. त्यानं एवढंच सांगितलं की तू काहीतरी चांगलंच बोललीस आणि तो अंगावर ओरडला. चांगलं बोललेल्यावर माणूस का ओरडतो, हे तू त्याला विचारलं असशील आणि त्यानं उत्तर दिलं नसेल. माझा भाऊ म्हणून सांगत नाही, लहानपणापासून तसाच आहे. त्याला सांगता येत नाही, मग चिडतो.

पण जो माणूस मागचापुढचा विचार न करता तुझ्यासाठी तळ्यात उतरला, ज्यानं तुला हाताला धरून बाहेर काढलं, त्याचं मन मी तुला काय सांगायचं? फेटा बांधताना आण्णाच म्हणाले होते, जावई नसते तर जानेवारीतच आमचं घर बसलं असतं. तेवढं आठव आणि बाकीचं सोडून दे.

पाय सुजलेत. मशीनवर बसून बसून आता जिना चढवत नाही. थांबते.

आईच्या ठिकाणी असलेली तुझी,
आक्का


राजारामपुरी
रविवार, ११ ऑगस्ट

चि. सौ. निशिगंधास,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. त्या पत्राला काय उत्तर यायचं?

कुरुंदवाडात पुराचं पाणी उतरलं असेल. घरात किती आलं होतं? आण्णांनी धान्य वर चढवलं होतं ना? इथं आमच्याकडं काही नाही, आपण उंचावर. पण खालच्या पेठांतली दोन गिऱ्हाइकं शिवायला टाकलेलं न्यायला आली नाहीत, त्यांच्या ब्लाउजांच्या घड्या तशाच पडल्यात. एका बाईनं कळवलं, कपाटच गेलं, आता नुसतं ब्लाउज नेऊन काय करू.

मी टाळतेय. मला त्या पत्रातली एक ओळ खोडायची आहे आणि त्यासाठी तीन दिवस झाले हातात पेन धरून बसते.

बुधवारी दुपारी अमर दुकानात आला. कटिंगच्या टेबलाशेजारी स्टूल आहे, त्यावर बसला. बराच वेळ बॉबिनच्या डब्याशी चाळा करत होता. मग म्हणाला, ‘आक्का, मला बोटीत बसवलं.’

तू तिथंच होतीस, तुला मी काय सांगणार. पण त्याच्या तोंडून जे ऐकलं ते सांगते. पाणी चढायला लागलं तसा आण्णांचा फोन आला, ‘जावईबापू, या की. खालच्या गल्लीतली माणसं काढायची हायत, तुमच्यासारखा गडी पायजे.’ रस्ते बंद व्हायच्या आदल्या दिवशी तो कुरुंदवाडला पोचला. त्याला वाटलं होतं, पिशव्या उचलायला, जेवण वाटायला लागेल. सकाळी त्याला घाटाकडं नेलं. पाण्यावर तरंगायची जाकिटं कमी होती. वाटणाऱ्यानं एक त्याच्यापुढं धरलं, तेव्हा आण्णा म्हणाले, ‘आमच्या जावयाला कशाला? ते दुसऱ्या कुणाला द्या.’ चारचौघं कौतुकानं बघत होते. त्यानं जाकीट पुढच्या माणसाला दिलं आणि बोटीच्या टोकाला जाऊन बसला.

सकाळपासून चार वाजेपर्यंत, निशा. दोन्ही हातांनी कड धरून. म्हाताऱ्या बायकांना हात द्यायची वेळ आली की एक हात सोडायचा आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजायचा. संध्याकाळी ओकला. तुझ्या आईला वाटलं, पाणी बाधलं.

‘आक्का, मधी एकदा वाटलं, आता कलंडली तर बरं. पडलो की सगळ्यांना आपोआप कळंल. मला कुणाला काय सांगाय लागणार न्हाय.’

असं म्हणाला तो. एक गिऱ्हाईक दारात आलं होतं, ते त्याच्याकडं बघून तसंच मागं गेलं.

तर आता लिहिते. अमरला पोहता येत नाही. तुला तळ्यातून त्यानं काढलं नाही. मी काढलं.

शूटची हौस तुझी नव्हती, त्याचीही नव्हती. माझी होती. दीड महिना बसून मी तो गाऊन शिवला होता. रिसेप्शनला तू स्टेजवर, पुढं गुच्छ घेतलेली रांग, गाऊनचा खालचा घेर कुणी बघितलाच नाही. सम्राटनं लग्नात शेकड्यानं फोटो काढले, एकातही शेपूट पुरती आली नाही. मला दुकानाच्या बोर्डावर लावायला एक धड फोटो हवा होता. तू म्हणालीस, ‘आक्का, झालं की लग्न, आता परत कशाला नटायचं?’ मी म्हटलं, एकच सकाळ दे. सम्राटलाही काहीतरी वेगळं करायचं होतं. गगनबावड्याच्या रस्त्याला आत खाणीचं तळं आहे, तिथं पाणी आरशासारखं असतं, ते त्यानं सुचवलं. तू कृष्णेच्या घाटावर पोहत वाढलेली पोरगी, म्हणून कुणाला भीती वाटली नाही.

गाऊनच्या आतला तो फुगवणारा कॅनकॅन एरवी नाडीवर असतो, ओढली की सुटतो. फोटोत सरकू नये म्हणून मी तो कमरेला शिवून टाकला होता. पाच पदरी नेट. ते पाणी पितं आणि दगडासारखं होतं, हे मला कळत होतं. इतकी वर्षं कापड हाताळतेय, न कळायला काय झालं? पण तू गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस, मागं तो मोतिया घेर पसरला, आणि ते इतकं सुंदर दिसलं की मी गप्प बसले. सम्राट म्हणाला, ‘वहिनी, अजून एक पाऊल मागं.’ तू घेतलंस आणि खालचा दगड संपला.

आधी गाऊन फुगला. मग तू दिसेनाशी झालीस.

मी विहिरीत पोहायला शिकलेली. आत गेले तेव्हा तू हात मारत होतीस आणि जागची हलत नव्हतीस, पायांना सगळं नेट गुंडाळलेलं. तुला काखेत धरून कशी आणली ते मला नीट आठवत नाही. काठापाशी सम्राटनं ओढून घेतलं. अमर काठावर होता.

दवाखान्यात दोन तासांनी आण्णा आले. आल्या आल्या विचारलं, ‘कुणी काढलं माझ्या लेकीला?’ मी म्हटलं, ‘अमरनं.’ मला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. चोवीस दिवसांचं लग्न. नवरा काठावर उभा होता आणि नणंद पाण्यात, हे तुमच्या घरात कायमचं बसलं असतं, असं मला वाटलं. माझे कपडे ओले का, तर म्हटलं, शेवटी काठावर मी धरायला गेले; अमरचे कोरडे का, तर म्हटलं, शूटसाठी आणलेला दुसरा जोड घातला. सम्राट बाजूलाच होता. त्यानं मान हलवली. एक पाऊल मागं घे म्हणणारा तोच होता, त्यालाही ते बरं पडलं. अमरनं माझ्याकडं बघितलं. तो ‘नाही’ म्हणेल असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात आण्णांनी त्याला मिठी मारली.

मी समजले, झालं, संपलं. चार दिवस बोलतील, विसरतील. पण आण्णांनी कुरुंदवाडात पाहुणे बोलावून फेटा बांधला. पेपरात दोन बोटं बातमी आली. डेअरीत टाळ्या वाजवल्या. आणि तू रोज त्याला म्हणायचीस, तू होतास म्हणून मी आहे. त्याच्या अंगावर ते रोज पडत गेलं. तुझ्यावर ओरडला तो त्या बोलण्यावर ओरडला गं, तुझ्यावर नाही.

पोहता का येत नाही, तेही माझंच. गावात पोरांच्या पाठीला डबा बांधून विहिरीत सोडायचे. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि मी सतरा. मी त्याला सोडू दिलं नाही. म्हटलं, हा एवढाच उरलाय.

आता आण्णांना सांगायचं तर तू सांग. इथं येऊन मला बोलायचं असेल तरी ये. मी दुकानातच असते.

आक्का


राजारामपुरी
बुधवार, २८ ऑगस्ट

निशा,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. एकच पान, पण मी ते पुरतं वाचायला दोन दिवस घेतले.

‘आक्का, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,’ असं तू लिहिलंस, तिथंच मी मशीन बंद केलं. ‘गाडीत डोळे उघडले तेव्हा माझं डोकं अमरच्या मांडीवर होतं. मांडी कोरडी होती. तुम्ही पुढच्या सीटवर होता आणि तुमच्या केसांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, दोन दिवसांत सांगेल. मग वाटलं, आठवड्यात सांगेल. तू होतास म्हणून मी वाचले, असं मी मुद्दाम म्हणायचे. दर वेळी वाटायचं, आता म्हणेल, नाही गं, मी नव्हतो. त्याला पोहता येत नाही याचं मला काही नाही. माझ्याशेजारी बसून तो ते महिनोन्‌महिने ऐकून घेत राहिला, त्याचं वाईट वाटलं. म्हणून आले मी इकडं.’

आणि मग शेवटची चार वाक्यं, बोट निघाली तेव्हा तू गच्चीवर होतीस ती. त्याला जाकीट नव्हतं हे तुला दिसत होतं, पोहता येत नसणार हे तू कधीच ताडलं होतंस, ओरडून सांगता आलं असतं, तू ओरडली नाहीस, आणि तेव्हापासून तुला तुझीच भीती वाटते.

तुझ्या भीतीची सुरुवात माझ्यापासून आहे. मी दवाखान्यात एक शब्द बोलले आणि तिथून पुढं सगळे जण कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं म्हणून थांबून राहिले. तू स्वतःला फार बोल लावू नको. मला ते वाचवत नव्हतं.

पहिल्यांदा ठरवलं, हे पत्र अमरला दाखवायचं नाही. त्याला नुसतं म्हणायचं, जा, निशाला सांगून ये. आणि तुला लिहायचं, आत्ताच कळल्यासारखं ऐकून घे. तसं अर्धं पत्र लिहिलंही होतं. मग माझं मलाच कळलं की मी परत तेच करायला निघालेय. ते पान फाडलं.

शनिवारी तो आला तेव्हा तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्यानंच वाचलं. घडी घालून टेबलावर ठेवलं, परत उचललं, परत वाचलं.

‘तिला म्हाईतच हाय तर मग आता सांगायचं काय राहिलं?’

‘आण्णा राहिलेत की,’ मी म्हटलं.

पत्राची परत घडी घालत त्यानं विचारलं, ‘तू येतीस संगं?’

मी नाही म्हटलं. पंचवीस वर्षांत त्यानं ‘येतीस का’ म्हटलं आणि मी चप्पल घातली नाही, असं झालेलं नाही. शाळेत नाव घालायला मी, नोकरीच्या मुलाखतीला गेटपर्यंत मी, तुला बघायला आलो तेव्हा त्याच्या वतीनं बोलणारी मीच. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तो एस.टी. स्टँडवरून निघाला आणि मी दुकान उघडून कुणाच्यातरी फॉलला टाके घालत बसले. सगळे टाके वाकडे आले, नंतर उसवले.

पुढचं तुझ्यासमोर घडलं. पण आण्णांचा काल मला फोन आला होता, तो तुला त्यांनी सांगितला नसेल. म्हणाले, ‘बाई, तुमचा भाऊ आलता. सोप्यात चार माणसं बसलेली. मी म्हटलं, आत चला, जेवताना बोलू. तर म्हणाला, न्हाय आण्णा, हितंच बोलतो. आन उभ्यानंच बोलला. तळ्यात मी उतरलो न्हाय, आक्कानं काढलं, मला पवाय येत न्हाय, ती माणसं टाळ्या वाजवत हुती तवा मी गप बसलो.’

मग आण्णांचा आवाज बदलला.

‘राग आला का म्हणाल, तर आला. माझ्या हातानं फेटा बांधलावता. गावात तोंड कसं दाखवू, हे पयलं आलं मनात. पर मग जाकीट आठवलं. पवाय न येणारं माणूस मी बिगरजाकिटाचं पुराच्या पाण्यात घातलं, बाई. दिवसभर. मला झोप लागंना. त्येनं एका शब्दानं म्हणायचं हुतं की.’

‘तुम्ही विचारलं असतं तर मीच उत्तर दिलं असतं, आण्णा,’ मी म्हटलं. ठेवताना म्हणाले, ‘सोयरीक काय मोडत न्हाय मी. बाकी पोरीचं पोरगी बघंल.’

आणि तू काय बघितलंस, तेही अमरनं सांगितलं. तू दारात उभी राहून सगळं ऐकलंस. नंतर त्याला चहा दिलास, आणि म्हणालीस, ‘साडेचारची गाडी चुकंल, नीघ. पुढच्या रविवारी ये.’ मी येते म्हणाली नाहीस. येत नाही असंही म्हणाली नाहीस. त्यानं ते मला एकदाच सांगितलं आणि मग बसून दोन भाकरी खाल्ल्या. तू माहेरी गेल्यापासून त्यानं माझ्या घरी दोन भाकरी खाल्ल्या नव्हत्या.

पत्र इथं संपवलं असतं तर तुम्हा दोघांनाही चाललं असतं. त्यानं तसंच ठरवलंय. आण्णांसमोर, तुझ्यासमोर, तो सगळं बोलला, पण एक गोष्ट गाळली. ती माझी आहे म्हणून गाळली. मी त्याला विचारलं, ‘ते सांगितलंस का?’ तर म्हणाला, ‘ते कशाला. ते तुझं तू.’

मागच्या पत्रात मी ‘अमर काठावर होता’ असं लिहून पुढं गेले. तू दिसेनाशी झालीस तेव्हा आम्ही दोघं शेजारी उभे होतो. माझ्याआधी तो हलला. त्यानं बूट काढले नाहीत, काही नाही, उजवा पाय सरळ पाण्यात टाकला. मी मागून त्याचा कोट धरला आणि त्याला ओढलं. इतक्या जोरात की तो खाली बसला. आणि म्हटलं, ‘तुझ्यानं व्हायचं न्हाय. माघारी सर.’ त्याला ओढण्यात गेला तो वेळ गेला. तू खाली होतीस, तरी आधी मी त्याला धरलं. मग मी उतरले.

तो उठला असेल, उभा राहिला असेल, आणि उभाच राहिला. गाडीत तू त्याची मांडी बघितलीस, ती कोरडी होती हे खरंच आहे.

त्याला पोहता येत नव्हतं. गेला असता तर मला दोघांना काढायला लागलं असतं, कदाचित एकालाही जमलं नसतं. हे मी आठ महिने स्वतःला सांगतेय आणि त्यात खोटं काही नाही. पण तो गेला असता की पाय टाकून थांबला असता, हे आता कुणालाच कळायचं नाही. त्याला स्वतःलाही नाही. मी त्याला ते कळू दिलं नाही. आणि वर दवाखान्यात, तोच पाण्यात गेला, असं त्याच्या तोंडावर सांगून टाकलं. काय वाटलं असेल त्याला? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर बहुतेक मीच दिलं असतं.

हे पत्र त्यानं वाचलेलं नाही. त्याला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. रविवारी तो येईल. तुला जे विचारायचं ते त्यालाच विचार. उत्तर द्यायला वेळ लावेल, मधेच थांबेल, बाहेर जाऊन येतो म्हणेल. जाऊ दे, परत येतो तो. मी फोन करणार नाही, पोचला का म्हणूनही नाही. मला जमेल असं वाटत नाही, पण करणार नाही.

थकले गं मी. कामानं नाही एवढी.

खाली सही नावानं करतेय. आक्का म्हणून मी बरंच काही करून बसले.

तुझी नणंद,
अनुजा